हातावरचं दही

उत्तर ध्रुवाजवळच्या खाणीवर सुलभा पिंपळशेंडे साध्या सुती साडीत स्वयंपाक करायची. बाहेर पाणी थिजवणारी थंडी, तरी चुलीपाशी तिचा जीव कासावीस व्हायचा. खाणीच्या देशकर साहेबांनी सगळ्या कामगारांना लेमिंगच्या जनुकांचे कडू थेंब पाजले होते. लेमिंग म्हणजे बर्फाखाली खुशाल हुंदडणारा तिथला मुठीएवढा उंदीर. थेंब पोटात गेले की घटकाभरात गरम कपडे अंगाला नकोसे व्हायचे. पुढे ऊनही सोसणार नाही, हे साहेबांनी कुणालाच सांगितलं नाही. स्वतः त्यांनी थेंबाला जीभ लावली नाही. ते बॅटरीवर तापणारा कोट घालायचे.

सुलभाचा नवरा रजेवर चंद्रपूरला गेला आणि भर उन्हात स्टेशनाबाहेरच कोसळला. तो पुन्हा उठला नाही.

आज देशकर निघाले होते. "येतो, सुलभाबाई. लेकीचं लग्न आहे नागपूरला, ऐन वैशाखात."

"असे कसे निघता जी, साहेब? हातावर दही तर घ्या."

"अगदी घरच्यासारखं करता हो तुम्ही!" देशकरांनी तळहात पुढे केला. दही खाऊन त्यांनी बोटंही चाटली. "जरा कडवट लागतंय."

"साखर कमी पडली जी. सांभाळून जा. तिकडे ऊन फार आहे म्हणतात."

सुलभा खिडकीशी उभी राहिली. निघायला उशीर झालेलं विमान धावपट्टीवर वाट पाहत होतं. बर्फ तुडवत तिथवर पोचेपर्यंत साहेबांनी कोट काढून खांद्यावर टाकला होता.