मधली रिकामी जागा

आत्याला एकशे चार ताप होता. वॉर्डच्या खिडकीत कुणीतरी हिरवा रुमाल वाळत घातला होता. माझ्यासमोर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या सहा कागदी टिकल्या होत्या.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्तातले जंतू प्लेटवर पसरायचे, त्यावर टिकल्या गोलाकार मांडायच्या, मधली जागा रिकामी सोडायची. जंतू ज्या टिकलीपासून लांब राहतात, ते औषध चालतं.

सकाळी आत्याची प्लेट उघडली. जंतू सहाही टिकल्यांना चिकटून वाढले होते. मधोमध मात्र स्वच्छ वर्तुळ होतं.

"इथे काय ठेवलं होतंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर."

"मग तेच देऊ या," ते म्हणाले. आम्ही दोघंही हसलो नाही.

मी पुन्हा प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी वर्तुळ टिकल्यांपर्यंत पोचलं होतं आणि आत्याचा ताप उतरला होता.

"मेल्या जंतूंना मी कडू लागले असेन," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा चहा मागितला. अख्खा वॉर्ड हसला. मी तिच्या गळ्यात पडून रडले.

शीळ घालतच लॅबमध्ये परतले. इतर पेशंटच्या अकरा प्लेट बघायच्या राहिल्या होत्या. एकेक करत सगळ्या उघडल्या. अकराही प्लेटच्या मधोमध छोटंसं स्वच्छ वर्तुळ उमटलं होतं.

आत्याची पहिली प्लेट पाहिली त्याच दुपारी डॉक्टरांनी तिची सगळी औषधं बंद केली होती.