एकाच हाताची गाडी

हाजराबीच्या डाव्या गुडघ्यानं यंदा साथ सोडली, तशी तिच्या नवऱ्यानं, लोणखेड्याच्या वाहिदभाईंनी, गाडी विकायला काढली. पुढच्या काचेला पाटी लावली : 'घरची स्टेशन वॅगन. एकाच हाताची. कंडिशन चांगली.'

सातपुड्यातून उतरून आलेल्या वीरसिंगला वाटलं, दवाखान्याला पैसा लागत असेल. त्यानं विचारलं नाही. तो गाडीभोवती फिरत राहिला. लांब पाठीची गाडी. मागची सीट पाडली तर खाट मावेल. पत्रा कुठं दबलेला नाही, टायर सारखे झिजलेले. इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं आणि जात्यासारखं एका लयीत घरघरत राहिलं.

त्याची बायको रूपलीबाई मात्र लांब निंबाखाली बसून होती. दोन वर्षांपूर्वी त्यानं घेतलेल्या जुन्या जीपचा ब्रेक घाटात लागला नव्हता. ती वाचली, पण तेव्हापासून चाकावर बसली नाही. बाजार पायी, माहेर पायी. आजही म्हसावदपासून ती पायी आली होती, आणि तिच्यासोबत तोही. गाडी तिच्यासाठीच घ्यायची होती.

"एकच हात ना, भाई?" वीरसिंगनं विचारलं.

"चौदा वरीस," वाहिदभाई म्हणाले. "दुसरानी किल्लीले बोट बी नही लाये."

वीरसिंग चालकाच्या जागी बसायला गेला, तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट पार पुढं ओढलेली. वर फुलाफुलांची गादी. वाहिदभाई तर त्याच्याहून वीतभर उंच. शिवाय पानाच्या पिंकेचे जुने ओघळ होते ते डाव्या दारावर. उजवं दार स्वच्छ.

तो खाली उतरला.

"भाई, बैल लेतांना विकणारा पहिले सोता जुपी दखाडस. आम्हनी रीत शे. तुम्ही एक चक्कर मारी दखाडा."

वाहिदभाईंनी पानाचा डबा उघडला, पुन्हा मिटला. "आज मन्हा डोया चुरचुरी ऱ्हायनात."

"मंग मी सकाय येसू."

"सकाय कंबर दुखी."

वीरसिंगच्या कपाळाला आठी पडली. जीप विकणाऱ्याचीही अशीच भाषा होती.

"हात तुमना नही शे," तो म्हणाला. "पाटी खोटी शे."

निंबाखाली रूपलीबाईनं उठून लुगडं झटकलं.

"हात यास्ना नहीच शे," दारातून आवाज आला.

काठी टेकत हाजराबी बाहेर आली. वाहिदभाई तिच्याशी हळूच बोलले, "औरत का हाथ सुनके दो गिराइक चले गये ना."

"तो तीसरा भी जाने दो."

तिनं काठी त्यांच्या हातात दिली आणि गादीवर बसली. सीट तिच्या मापानं शिवल्यासारखी तिला बसली. ओढणी सावरून तिनं स्टिअरिंग धरलं, तशा हिरव्या बांगड्या मनगटावर घसरल्या.

"तुम अपनी जगा पे बैठो."

वाहिदभाई मुकाट्यानं वळसा घालून डाव्या दारापाशी गेले. बसले. सवयीनं काच खाली केली.

हाजराबीनं क्लच दाबला. ओठ दातांखाली गेला, पण गाडी हलली ती पाण्यावरच्या पानासारखी. चिंचेपर्यंत गेली, वळली, परत आली. कुठं धक्का नाही, कुठं गचका नाही. वीरसिंगच्या पायाशी येऊन थांबली, तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही.

वीरसिंग काही बोलणार, तोच मागचं दार उघडून लागलं. त्यानं निंबाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

मागच्या दाराची काच खाली करून रूपलीबाईनं डोकं बाहेर काढलं.

"तू काय पायी येशी का?"