नृपेशचं मंडल

उपाशीपोटी उडदाचे वडे तळून माझी कंबर मोडली होती. तरी नव्या वर्षाच्या म्हपूजेला, म्हणजे ज्याच्या-त्याच्या देहाच्या पूजेला, या सिमेंटच्या घरात सगळ्यांची मंडलं मी पिठाने रेखली, कतारला कामाला गेलेल्या माझ्या मुलाचं, नृपेशचंही. मंडलावर लावलेली वात जळून संपेपर्यंत ते झाडायचं नसतं. नाहीतर त्या माणसाचं आयुष्य तुटतं.

नृपेश फोनवर दिसत होता.

“आमा, तुझ्या सुनेला वडे जमतात, की अजून विकतचे मोमोच?”

“आधी घरी या, मग टोमणे मारा,” रजिता म्हणाली.

तेवढ्यात फोनमधून केरसुणीचा आवाज आला.

“बाबू, तुझ्याकडे कोण झाडतंय?”

त्याने मागे वळून पाहिलं. “कुणी नाही गं. एकटाच आहे मी.”

आमची केरसुणी दाराआड टेकलेलीच होती. नृपेशची वात अर्धीही जळली नव्हती, आणि फोनमधल्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी त्याच्या मंडलाची कड पुसली जात होती.