तळं बुजवायचं ठरलं तेव्हा

पाहणीला आलेल्या ताईंना एवढंच विचारायचं होतं, की वस्तीला काय हवं आणि वस्तीकडे काय आहे. 'काय हवं' म्हटल्यावर सगळी गल्ली एका सुरात बोलली: मागचं तळं बुजवा आणि गाड्या लावायला जागा द्या. 'काय आहे' म्हटल्यावर मात्र प्रत्येकाने शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे बघत "आमच्याकडे कुठलं काय" म्हणून हात झटकले.

"तळं म्हणजे नुसतं डासांचं माहेर," कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या. "पाणी घ्या. आमच्या विहिरीचं आहे, बारा महिने आटत नाही. घराण्याचं पुण्य, दुसरं काय."

पाणी खरंच गोड होतं. ताईंचं कुतूहल चाळवलं. "पलीकडच्या गल्लीतही तळं होतं म्हणे?"

"होतं ना. बुजवून छान मैदान केलं त्यांनी."

"आणि त्यांच्या विहिरी?"

"आटल्या की. माणसंच तसली. आता रोज बादल्या घेऊन माझ्या दारात उभी असतात."

ताईंनी आणखी एक पेला मागितला. तो भरता भरता काकू थबकल्या.

"अहो ताई," त्यांनी आवाज खाली आणला, "मग आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?"