लाकडाचे पाय

आमच्या आर्केडियात पोराचं कौतुक कुणी मोठ्यानं करत नाही. देवांच्या कानावर गेलं तर ते जळतात आणि दिलेलं परत नेतात. आणि हे पोरांना सांगायचंही नसतं. सांगितलं की गुण जातो.

म्हणून थेरॉन दर जत्रेत शर्यत जिंकायचा, तेव्हा त्याचा बाप निकांद्रोस नजर लागू नये म्हणून स्वतःच्या छातीवर थुंकायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "हा कसला धावतोय. लाकडाचे पाय आहेत नुसते. बाकीचे पेंगत होते म्हणून पुढे आला." पोरगा झोपला की मात्र त्याच पायांना हलक्या हातानं तेल चोळत बसायचा.

मग लढाई लागली. डोंगरावरच्या आमच्या ज्या ठाण्यावर थेरॉन होता, त्याला वेढा पडला. तिथून थेरॉनच्या बरोबरीचा मिकॉन एकटा निसटून मदत मागायला गावात धावत आला. पण आम्ही पोहोचेपर्यंत वर कुणीच जिवंत राहिलं नव्हतं.

थेरॉनला मांडीवर घेऊन बसलेला निकांद्रोस मिकॉनवर ओरडला, "तू दर शर्यतीत शेवटचा. तुला कुणी धाडलं? माझ्या थेरॉनइतकं जोरात अख्ख्या आर्केडियात कुणी धावत नव्हतं." त्यानं हे मोठ्यानं म्हटलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

मिकॉन खाली बघत म्हणाला,



"काका, सरदारानं आधी त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, 'एवढ्या जणांचा जीव माझ्या पायांवर नको. ते लाकडाचे आहेत. माझ्या बाबांनी पाहिलंय मला धावताना.'"