न बिघडणारं मशीन

"यातलं सगळ्यात जास्त बिघडणारं कोणतं?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

धुण्याच्या मशीनच्या दुकानातल्या मुलीला वाटलं, बाई फार चोखंदळ आहेत. तिनं कोपऱ्यातल्या एका मशीनकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू? याच्या खूप तक्रारी येतात. हे तेवढं नकोच." ऑपरेटरबाई तडक त्या मशीनपाशी गेल्या आणि झाकण उघडून आत बघू लागल्या.

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण इमारतीत त्यांचं नाव तेच राहिलं. उमेदीचा सगळा काळ त्यांनी एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसून, वायरी काढत-घालत लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली. स्वतःचं जोडायचं तेवढं राहून गेलं. आता त्यांच्या दीड खोलीच्या घरात रविवारी भाचीचा फोन यायचा, आणि दर दोन महिन्यांनी धुण्याचं मशीन दुरुस्त करायला मिस्त्री यायचे. एवढीच काय ती वर्दळ.

मिस्त्री साठीच्या पुढचे होते, मागंपुढं कुणी नसलेले. मशीन भिंतीपासून ओढायचे, मागचा पत्रा उघडायचे आणि गप्पा सुरू. कुणाच्या मशीनमधून दातांची कवळी निघाली, कुणाच्या मांजरीनं आत पिल्लं घातली. ऑपरेटरबाई शेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि पोट धरून हसायच्या. ते गेले की घर खायला उठायचं. मग पुढचे दोन महिने कळ काढायची.

भाचीला यातलं काय कळणार? "मावशी, किती दिवस त्या डबड्याला ठिगळं लावणार आहेस? टाकून दे एकदाचं," असं ती दर रविवारी म्हणायची. अखेर तिनं दुकानात परस्पर फोन करून ठेवला, तेव्हा बाईंचा नाइलाज झाला. सल्ला द्यायला म्हणून त्यांनी मिस्त्रींना दुकानात बोलावून घेतलं. तेवढंच एक भेटणं वाढलं.

मिस्त्री आले आणि त्यांनी कोपऱ्यातलं मशीन बघून नाक मुरडलं. "हे? हे रडकं आहे. नंतर डोक्याला हात लावून बसाल." ते सरळ दुसऱ्या टोकाला गेले आणि एका मशीनवर थाप मारून म्हणाले, "हे घ्या. दहा वर्षं कुणाला बोलवावं लागणार नाही."

"एकदाही नाही?"

"लिहून देतो."

दुकानातल्या मुलीनं बाईंनी आणलेला मापांचा कागद पाहिला. "याचं दार पुढून उघडतं, आजी. तुमच्या बाथरूमच्या दाराला अडेल. आत कुणी असलं तर त्याला बाहेर येता येणार नाही."

"आत मीच असते आणि बाहेरही मीच असते," बाई म्हणाल्या.

मुलगी हसली. मिस्त्री हसले नाहीत. बाईंना वाटलं, कंटाळले असतील, सुटकाच हवी असेल त्यांना. आता तुम्ही येत राहावं म्हणून मला वाईट मशीन द्या, असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी मुकाट्यानं सही केली.

गुरुवारी नवं मशीन आलं. जुनं दुकानवालेच मोडीत काढणार होते, पण मिस्त्री म्हणाले, "मला द्या. सुटे भाग कामी येतील." त्यांनी ते टेम्पोत चढवलं आणि वर येऊन सांगितलं, "चला, माझी कटकट गेली तुमच्यामागची." बाई "हो ना" म्हणाल्या, दार लावलं आणि आत जाऊन रडल्या.

नवं मशीन गुणाचं निघालं. कुरकुर नाही, की हादरा नाही. चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागायचं. बाईंनी त्यात जाड गोधड्या कोंबल्या, साबण दुप्पट घातला. त्यानं सगळं निमूट धुऊन दिलं. दोन-तीनदा त्यांनी मिस्त्रींचा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले, हा एक जोडवेना.

चार महिन्यांनी एका दुपारी बेल वाजली. दारात मिस्त्री होते. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट, हातात हत्यारांची पिशवी नाही.

"मशीन कसं आहे?"

"चांगलं आहे. बिघडत नाही." बाईंनी दुखणं सांगावं तसं सांगितलं.

"तुमचं जुनं मी मोडलं नाही," मिस्त्री उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "माझ्याकडेच लावलंय. कपडे त्यातच धुतो. तुमच्याकडे दर दोन महिन्यांनी त्याची मागची वायर निघायची. माझ्याकडे चार महिन्यांत एकदाही निघाली नाही."

बाईंचे कान तापले. वायर काढायची आणि घालायची, चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"चुकलं माझं," त्या पुटपुटल्या.

"मला वाटायचं, माझा हात गेला. एक वायर धड बसवता येत नाही म्हणजे संपलंच आपलं. तुम्हाला त्रास नको, म्हणून ते दहा वर्षांचं घ्यायला लावलं. धंदाही बंद करणार होतो." मिस्त्री चपला काढायला वाकले आणि खाली बघतच म्हणाले, "बाई, काही बिघडलेलं नसताना मी आलो, तर काही बिघडेल का?"