पुस्तकातला चंदेरी कागद

कुत्रा तपासणीच्या टेबलावर धापा टाकत होता आणि बायको त्याला कुरवाळत समजावत होती. माझ्या आजारपणातही तिचा आवाज इतका मऊ झाला नव्हता. "याला काही वेगळं खायला दिलं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "छे! मीच भरवते. हे तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत." त्याने एकदा तरी तिला सोडून माझ्यामागे यावं, म्हणून मी गुपचूप जे भरवलं होतं, ते सांगायला जीभ रेटेना. शेवटी हातातल्या पुस्तकात खुणेला ठेवलेला चंदेरी कागद काढून मी पुढे केला. "अख्खं चॉकलेट. तासाभरापूर्वी." "बरं झालं सांगितलंत. कुत्र्याला ते विषच. आता उलटी करवते, वाचेल," म्हणत त्यांनी इंजेक्शन भरलं. बायकोने तो कागद उचलला, बोटाने सरळ केला आणि नाकाशी धरून हुंगला. "अहो, चाळीस वर्षांत," ती म्हणाली, "मला कधी आणलंत?"